कुणाचं गाणं लावू?

कॉम्प्युटर मी माझी मीच शिकले, आणि आमच्या गल्लीतल्या बायकांची जुनी रेकॉर्ड केलेली गाणी लावायला एक छोटा प्रोग्रामही लिहिला. ‘गाणं’ टाइप करायचं, पुढे गाणारीचं नाव.

शेजारच्या कुसुमताई गेलेल्या बहिणीचा आवाज ऐकायला आल्या. नाव लिहायचं राहिलं, तर स्क्रीनवर उमटलं, ‘चूक. नाव दिलेले नाही.’ चटका बसावा तसा त्यांनी हात मागे घेतला. “मला नाही बाई जमायचं.”

अहो, दारात आलेल्याशी आपण असं बोलतो का? ‘या, कुणाकडे आलात?’ असंच विचारतो ना! मी लगेच प्रोग्राम बदलला. आता नाव राहिलं की तो विचारतो, ‘कुणाचं गाणं लावू?’

कुसुमताई स्क्रीनलाच म्हणाल्या, “आमच्या अक्काचं लाव रे.”

“अहो, टाइप करा!”

हसत हसत त्यांचा हात कीबोर्डवर आला, आणि अक्का गाऊ लागली.