टीव्ही सुखरूप पोचला

मंडळी, आमचा टीव्ही आज डार्मश्टाटहून हायडेलबर्गच्या नव्या घरी सुखरूप पोचला. तरी दुपारपासून मला एका जागी बसवत नाहीये.

पन्नास इंची टीव्ही. सामानाच्या ट्रकमध्ये फुटेल, म्हणून आपल्या गाडीतूनच न्यायचा, हा हट्ट माझा. पण खोका कुठे होता? टीव्ही घेतला तेव्हाच सासूबाई म्हणाल्या होत्या, "खोका टाकू नकोस गं, घर बदलताना लागतो." पण मी पक्की जर्मन झालेली! त्याच दिवशी फाडून कागदाच्या कचऱ्यात टाकला.

मग आज टीव्हीला दोन रजया गुंडाळल्या, मागची अर्धी सीट पाडली आणि तो उभाच ठेवला. आडवा ठेवला तर स्क्रीन तडकते म्हणे. उरलेल्या सीटवर सासूबाई.

आऊटोबानवर, म्हणजे इथल्या हायवेवर, मी सत्तरने चाललेय, ट्रकसुद्धा ओव्हरटेक करून जातायत आणि माझं एकच पालुपद, "आई, घट्ट धरलाय ना? सोडू नका हं!"

"धरलाय गं. तू पुढे बघ."

पोचल्यावर नवरा धावत आला. त्याने आधी स्क्रीन बघितली. मीसुद्धा. मग आईंचा सीटबेल्ट सोडायला वाकले, तर तो लावलेलाच नव्हता.

"अगं, पट्टा लावून टीव्हीपर्यंत हात पोचत नव्हता. म्हणून काढला."

आता त्या खांदा चोळत मालिका बघतायत. चित्र झकास दिसतंय. मी नुसत्या येरझारा घालतेय.

खरं सांगा, तुमच्या गाडीतून मागच्या वेळी काही नाजूक नेलंत, तेव्हा ते धरून कोण बसलं होतं?