मेट्रनबाईंचं नाक

वसतिगृहातल्या मुली मेट्रनबाईंना तोंडावर ‘मावशी’ म्हणत आणि पाठीमागे ‘नाकबाई’. दोन्ही नावं बाईंना ठाऊक होती आणि दुसऱ्याचा त्यांना जरा अभिमानच होता. जिन्याच्या पहिल्या पायरीवरून त्या सांगत, की वर कुणीतरी इस्त्री चालू ठेवून गेलंय. बंद दाराबाहेर त्यांना कळे, की आत ओले टॉवेल तीन दिवस खुर्चीवर पडलेत. एकदा तर कोपऱ्यातल्या खोलीतली मुलगी तापाने फणफणलीय हे त्यांनी बाहेरून जाता जाता ओळखलं होतं. एकोणीस वर्षं त्या इमारतीत नाक हेच त्यांचं खरं हत्यार होतं.

दोन वर्षांपूर्वी बाई स्वतःच तापाने आडव्या झाल्या. आठवड्याने ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. दूध करपून पातेलं काळंठिक्कर पडलं, तेव्हा बाई ओट्यापाशीच उभ्या होत्या. नवरा बाहेरच्या खोलीतून धावत आला.

“अगं, लक्ष कुठंय? घरभर धूर झालाय.”

डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. वर्ष उलटलं तरी आला नाही. नवरा म्हणाला, “एक बरं झालं. माझ्या मोज्यांवरचं तुझं भाषण थांबलं.”

बाई हसल्या नाहीत. “वसतिगृहात कळलं तर काय राहील माझं? डोळे काय, सगळ्यांनाच असतात.”

तेव्हा त्यांनी ही गोष्ट लपवली. नाकाचं काम त्या डोळ्यांवर ढकलू लागल्या. कचऱ्याच्या टोपल्या वाकून बघत, पडद्यांवरचे डाग बघत, स्वयंपाकघरात तर डोळ्यांत तेल घालून उभ्या राहत. फक्त एक सवय त्यांनी सोडली नाही. दर सोमवारच्या फेरीत प्रत्येक दाराशी थांबायचं, लांब श्वास घ्यायचा, क्षणभर विचार केल्यासारखं करायचं आणि पुढे जायचं. कळत काहीच नसे. पण मुलींच्या मनात धाक राही, आणि बाईंना तेवढंच हवं होतं.

खोल्या एकेकटीच्या होत्या आणि बाई मुलींना खोलीच्या नंबरानेच हाका मारत. पहिल्या वर्षाची तेविशी सुरुवातीला फार रडायची. जेवणघरात ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून बसायची. दिवाळखोर दुकानदारासारखा चेहरा, असं बाई नवऱ्याला म्हणाल्या होत्या. मग दुसऱ्या महिन्यापासून ती एकाएकी सुधारली. जेवू लागली, हसू लागली. बाईंनी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली, कारण तिला रोज दोन शब्द बोलून आपणच रुळवलं अशी त्यांची समजूत होती.

त्याच सुमारास शेजारची चोविशी खोकू लागली. तिला लहानपणापासून दमा होता. बाईंनी तिच्या खोलीतल्या गाद्या उन्हात टाकल्या, पंखा पुसून घेतला. खोकला काही हटेना.

वर्षातून दोनदा ढेकणांसाठी फवारणी होई. त्या शनिवारी मुली दहाच्या आत बाहेर पडत आणि बाई यादी घेऊन फवारणीवाल्याच्या पुढे चालत. चादरी, घोंगड्या, जादा गाद्या ठेवायची एक खोली तळमजल्यावर होती. तिला कधी कुलूप नसे आणि तिथे कधी फवारणीही होत नसे. पण या खेपेला सकाळीच एका गादीच्या शिवणीत बाईंना ढेकूण दिसले. त्यांनी यादीच्या डोक्यावरच ती खोली लिहिली.

फवारणीवाल्याने तोंडाला मुसकं बांधलं, पंप पाठीवर घेतला आणि आत शिरला. एवढ्यात, फाटकाबाहेरून हे पाहून, तेविशी धावत आली. चपला हातात होत्या.

“मावशी, ती खोली नको. तिथे बोळा आहे.”

“कसला बोळा?”

“माझा. गिनिपिग. घोंगड्यांच्या मागे, खोक्यात.”

बाईंनी पुढचं ऐकलंच नाही. फवारणीवाल्याला थांब म्हणाल्या, रुमाल तोंडावर दाबला आणि आत गेल्या. दाराजवळचा कोपरा ओला झाला होता. डोळे चुरचुरत होते. घोंगड्यांचा ढीग त्यांनी दोन्ही हातांनी ओढून पाडला. मागे बुटांचं खोकं, त्याला पेन्सिलीने पाडलेली भोकं. खोकं छातीशी धरून त्या अंगणात आल्या आणि झाकण उघडलं. पिवळट केसांचा, मुठीएवढा एक जीव कोपऱ्यात दडून थरथरत होता. नाक मात्र भराभरा हलत होतं.

“आणखी दोन मिनिटं गेली असती, तर उचलून टाकायलाच लागला असता,” फवारणीवाला मुसकं खाली करत म्हणाला.

तेविशी पायरीवर बसली. बाईही तिच्याशेजारी बसल्या.

“किती दिवसांपासून आहे हा?”

“चार महिने झाले.”

“माझ्याच वसतिगृहात? आणि मला सांगावंसं वाटलं नाही तुला?”

तेविशीने त्यांच्याकडे नवलाने पाहिलं. “पण तुम्हाला माहीतच होतं ना, मावशी. तुम्ही दर सोमवारी दाराशी थांबायचात, वास घ्यायचात आणि काही न बोलता पुढे जायचात. आम्ही सगळ्या म्हणायचो, मावशींनी सांभाळून घेतलंय. तुमच्यावर बालंट नको म्हणून तर मी त्याचं गवत दप्तरातून बाहेर नेऊन टाकायचे. आज खोल्यांत फवारणी आणि इथे कधी होत नाही, म्हणून इथे ठेवला.”

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. “सगळ्या म्हणायचो म्हणजे? चोविशीसुद्धा?”

“हो.”

चोविशीला त्यांनी संध्याकाळी गाठलं. तिचा पलंग पलीकडच्या भिंतीला सरकवलेला होता. उशीपाशी दम्याचा पंप होता.

“शेजारच्या जनावराने त्रास होतोय, हे कळत होतं तुला?”

“होत होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्हीच परवानगी दिलीत म्हटल्यावर मी कुणाकडे बोलणार?” मुलगी शांतपणे म्हणाली. “आणि ती रडायची थांबली होती, मावशी. भिंतीतून ऐकू यायचं मला.”

रविवारी बोळ्याची गोष्ट वसतिगृहाच्या प्रमुख रेक्टर मॅडमच्या कानावर गेली.

सोमवारी रेक्टर मॅडमनी त्यांना बोलावलं. टेबलावर मुलींचा अर्ज होता. लहान प्राणी ठेवायला परवानगी द्या, खाली चाळीस सह्या. मॅडम पेन उघडून बसल्या होत्या.

“बाई, नियम असताना चार महिने हा प्रकार चालला. तुमच्या नाकाला कळलं नाही, हे कुणाला पटायचं? कळलं होतं आणि दयेपोटी गप्प राहिलात, असं लिहू का? एक समज देऊन मिटवता येईल.”

वाट सोपी होती. दयाळू म्हणून नाव झालं असतं आणि नाकही शाबूत राहिलं असतं. 

“तसं लिहू नका,” त्या म्हणाल्या. “मला वास येत नाही. दोन वर्षं झाली. दाराशी उभी राहते ते नुसतं सोंग आहे.”

मॅडमचं पेन थांबलं. “दोन वर्षं? आणि बोलला नाहीत?”

“भीती वाटली. त्या पोरीला वाटली तशीच. मी माझं नाक लपवलं, तिने तो जीव लपवला, तिसरीने खोकल्याचं कारण लपवलं. मेला असता तर तो बिचारा, आणि भोगत होती ती शेजारीण.”

“म्हणजे तुमचं मत काय? बंदी आणखी कडक करायची?”

“बंदी होतीच की. बंदीने प्राणी येत नाहीत असं नाही, दिसेनासे होतात. आणि दिसत नाही त्याची काळजी मी कशी घेऊ? पण सरसकट मोकळीकही नको. दमेकरी मुलीने चाळीस सह्यांपुढे तोंड उघडायचं कसं? तळमजल्यावरच्या टोकाच्या दोन खोल्या द्या. दारावर लिहा, आत कोण आहे. आणि शेजारणीला आधी विचारा. तेही एकटीला बोलावून.”

मॅडमनी अर्ज पुन्हा एकदा वाचला. शेवटी म्हणाल्या, “सहा महिने बघू. एका खोलीपासून.” आणि मग, पेन मिटताना, “तुमचंही सहा महिने बघू, बाई.”

“बघा,” बाई म्हणाल्या.

बाईंनी तिथल्या शेजारणीला एकटीला विचारून घेतलं आणि तेविशी दुपारीच खाली टोकाच्या खोलीत राहायला गेली. दारावर तिच्या नावाखाली बोळ्याचं नाव बाईंनी स्वतः लिहिलं आणि फवारणीच्या यादीतही घातलं. मग त्या सोमवारच्या फेरीला वर चढल्या. पहिल्या दाराशी सवयीने थांबल्या, श्वास घ्यायला छाती फुगली, आणि तशीच त्यांनी ती सोडून दिली. दारावर टकटक केली.

“काय मावशी?”

“मला वास येत नाही गं. तू सांग, इथे कसला येतोय?”

मुलगी गडबडली. मग तिने खुर्चीवरच्या ढिगाकडे पाहिलं आणि ओशाळून म्हणाली, “टॉवेलांचा.”

“किती दिवसांचे?”

“चार.”

“वाळत घाल,” असं म्हणून बाई पुढच्या दाराकडे वळल्या.