हळदीच्या डबीतल्या गोळ्या

डॉक्टर आज सकाळी गेले.

माझा त्यांच्यावर विश्वास नव्हता.

१९७२. सोनईतलं त्यांचं दोन खोल्यांचं क्लिनिक. मी बावीस वर्षांची, फार्मसीचा डिप्लोमा नवाकोरा, औषधांच्या खिडकीत.

दुष्काळी कामावर खडी फोडली जायची. त्या धुळीने मुलांना दम्याचे अ‍ॅटॅक यायचे.

डॉक्टर आधी इंजेक्शनने श्वास मोकळा करायचे. मग स्टेरॉइड.

बागायतदार, दुकानदारांच्या मुलांना प्रेडनिसोलोन, पाच दिवस.
खडीवरच्या मुलांना डेक्सामेथासोन, दोनच दिवस.

आजार एक, आणि औषध घर बघून?

विचारलं, तर म्हणाले, डेक्सा शरीरात जास्त टिकतं, दोन दिवस पुरतं.

मग दुकानदाराच्या मुलाला का पुरत नाही? त्यावर त्यांनी पुढचा पेशंट आत बोलावला.

आठवड्याने खडीवरच्या गंगूबाईची सुमी आली. सहा वर्षांची. चिठ्ठीवर डेक्सा, दोन दिवस.

मी गुपचूप प्रेडनिसोलोन दिलं. पाच दिवसांचं.

चौथ्या दिवशी गंगूबाई तिला पाठुंगळी घेऊन धावत आली. सुमीचे ओठ निळे.

डॉक्टरांनी आधी इंजेक्शन दिलं, मग विचारलं, गोळ्या दिल्या का. गंगूबाईने हळदीची डबी उघडली. आत उरलेल्या गोळ्या, पिवळ्या झालेल्या.

"दोन दिसांत पोर खेळाया लागली. पुन्हा दम लागंल तवा असाव्या म्हनून ठिवल्या. आज दिली, तर वकली."

डॉक्टरांनी गोळ्या पाहिल्या. मग स्वतःची चिठ्ठी.

"चूक आमच्याकडून झाली, गंगूबाई."

माझ्याकडे बघितलंही नाही.

संध्याकाळी सुमी उठून बसली, भाकरी मागितली. तेव्हा कुठे ते माझ्याशी बोलले. "जिथे गोळ्या मधेच थांबतात, तिथे मी दोन दिवसांचं देतो. मागे उरायला काही नको."

मला ते पटलं नाही. मी एका दुकानदाराच्या घरी बघायला गेले. त्यांच्या बायकोने कपाटातून गोळ्या काढल्या. त्यांच्याही तीन दिवसांच्या उरलेल्या, छान जपून ठेवलेल्या. मी गोळ्या परत न्यायला आले असं वाटून बाई जरा नाराजच झाल्या.

मी डॉक्टरांना सांगितलं.

"हे मी तपासायला हवं होतं."

दुसऱ्या दिवसापासून सगळ्या मुलांना दोनच दिवस. दोन्ही डोस क्लिनिकमध्येच, समोर बसवून.

बदललेल्या औषधाबद्दल मात्र त्यांनी मला कधीच विचारलं नाही. मला वाटायचं, राखून ठेवलंय, कधीतरी माझ्याविरुद्ध वापरतील.

पन्नास वर्षांत वापरलं नाही.

डॉक्टर, सुमीचं औषध मी बदललं होतं.
तुम्हाला माहीत होतं. तरी मी सांगायला हवं होतं.

नमस्कार करते. शांतपणे जा.