सासूबाईंच्या कनवटीचा बिल्ला

कागद कारखान्यात माझं काम पाइप कुठे झिजतात ते पाहण्याचं. लगदा शिजवून उरलेलं काळं पाणी पोलादाला आतून खातं आणि बाहेरून पाइप रंग लावून ठणठणीत उभा असतो. म्हणून त्या वर्षी एका वळणात बटणाएवढी चकती बसवली होती. पाइपचंच पोलाद, फक्त आतल्या बाजूने किंचित किरणोत्सर्गी केलेलं. पाणी चकती खात जाईल तसतशी किरणं कमी होतात आणि बाहेरून धरलेल्या यंत्रावर आकडा उतरतो. किरणं काळाबरोबर आपोआपही मंदावतात, तो भाग हिशेबातून काढायचा. बाकीची घट म्हणजे गेलेलं पोलाद. कारखाना न थांबवता हे कळतं याचा मला फार अभिमान होता, पण घरी तो ऐकायला कुणाला सवड नव्हती.

चकती अगदी अशक्त होती. तरी नियम म्हणून आम्हा आकडे घेणाऱ्यांना छातीवर चिमट्याने लावायचे, आत तीन गोल तबकड्या असलेले चौकोनी बिल्ले मिळाले. अंगावर किती किरणं पडली ते बिल्ल्यात नोंदलं जातं आणि दर तीन महिन्यांनी तो प्रयोगशाळेत तपासायला जातो. संध्याकाळी तो कारखान्यातच खुंटीला टांगायचा, हाही नियमच.

एका शनिवारी मी विसरले. बिल्ला कुर्त्यावर तसाच घेऊन सिंधीपुऱ्यात घरी पोहोचले. सासूबाईंनी दारातच हटकलं.

"हे काय वं छातीवर?"

"किरणांसाठी आहे, आई. कारखान्यात किरणं असतात ना."

"मंग ह्यानं काय होते?"

नीट सांगायला दहा मिनिटं लागली असती आणि तव्यावर भाकरी होती. मी म्हटलं, "हा असला की काळजी नसते."

रविवारी मी इच्छापुरला माहेरी गेले. सासूबाईंनी मळ्यात केळीचा घड एकटीने उचलून कंबर धरून घेतली होती, म्हणून माझ्या मागे नवऱ्याने त्यांना एक्स-रे काढायला नेलं. संध्याकाळी कळलं, हाडाला काही नाही, शेकत राहा. शनिवारी रात्री घरात खिळ्याला अडकवलेला बिल्ला होता तिथेच होता. सोमवारी तो मी गुपचूप कारखान्याच्या खुंटीला टांगला आणि कुणाला काही बोलले नाही.

तिमाहीचा निकाल आला तसा सुरक्षा अधिकाऱ्यांनी मला बोलावून घेतलं. गंभीर गृहस्थ, हसले तरी आधी दार लावून घेतील असे.

"मैडम, ये आपने क्या किया? चकती निकाल के देखी थी क्या?"

कागदावर माझ्या नावापुढे इतकी किरणं होती की चकतीजवळ वर्षानुवर्षं उभी राहिले असते तरी भरली नसती. मी घाबरून म्हटलं, "सर, चकती गिळली असती तरी एवढी आली नसती!"

त्यांनी शांतपणे लिहिलं, 'चकती निगली नहीं.'

चौकशी होईपर्यंत मला पाइपजवळ जायची बंदी झाली. रक्त तपासलं, ते चांगलं निघालं. पण कॅन्टीनमध्ये माझ्या बाकावर मी एकटीच. लेखा विभागातल्या बाई लांबूनच विचारायच्या, "केस बिस?" मी वेणी ओढून दाखवायची.

मग प्रयोगशाळेचं दुसरं पत्र आलं. ही किरणं तुमच्या चकतीची नाहीत, एक्स-रे यंत्राची वाटतात. बिल्ला लावून एक्स-रे काढला होता का? मी ठाम नाही म्हटलं. आपण खरं बोलतोय याची मला पूर्ण खात्री होती.

घरी जेवताना हे नवऱ्याला सांगत होते तर सासूबाईंचा वाढता हात थांबला.

"एक्स-रे म्हणजे तो... कमरेचा काढतात तोच का?"

नवरा उठला आणि कपाटामागून फिल्म काढून त्याने ट्यूबलाइटपुढे धरली. मणक्याच्या शेजारी एक चौकोन, त्यात तीन गोल ठिपके आणि वर चक्क चिमटा.

"म्हणून चार वेळा काढला!" नवरा ओरडला. "तो एक्स-रेवाला सारखा विचारत होता, मावशी, कमरेला काही आहे का?"

"मी म्हटलं, काही नाही," सासूबाई म्हणाल्या. "कनवटीला खोसला होता. सांगितलं असतं तर काढाले लावला असता. मंग लागली असती ना किरणं मले!"

"आई, तो किरणं अडवत नाही. फक्त मोजतो."

"फक्त मोजते?"

"हो."

"मंग तुले कशाले दिला? कितीनं मेली ते कळावं म्हणून?"

मी घास ताटात ठेवला. हसू आवरतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मात्र बिल्ला घरी नेल्याची कबुली देताना हसू अजिबात आलं नाही. अधिकाऱ्यांना सासूबाईंचा जबाबही हवा होता. त्या इरकली नेसून, फिल्म पिशवीत घालून आल्या.

"साब, बहू की गलती नहीं. उसने बोला, इससे काळजी नहीं रहती."

"काळजी मतलब?"

"चिंता."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तेही लिहिलं.

किरणं माझ्या नावावरून वजा झाली. ती कुणाच्या नावे टाकायची यावर थोडा पत्रव्यवहार झाला, कारण फॉर्ममध्ये सासूचा रकाना नव्हता. मला लेखी ताकीद मिळाली. ती मिळायलाच हवी होती. शिवाय पुढच्या सुरक्षा वर्गात बिल्ल्यावर मीच बोलायचं, असं ठरलं.

या वेळी मी दहा मिनिटं पुरती घेतली. बिल्ला वाचवत नाही, सांगतो. आकडा वाढला की माणसाला कामावरून दूर करतात, जसं मला केलं, आणि वाचतो माणूस तो त्यामुळे. सगळे माना डोलावत होते. शेवटी वेल्डिंगच्या सांध्यांचे एक्स-रे काढणाऱ्या विभागातले सगळ्यात जुने फिटर उभे राहिले. त्यांच्या खिशावर कित्येक वर्षांपासून बिल्ला होता.

"मैडम, मतलब ये बचाता नहीं?"

"नाही, काका."

त्यांनी मागे वळून आपल्या माणसांकडे पाहिलं. एकाचीही मान वर नव्हती. सगळे आपापल्या बिल्ल्याकडे बघत होते.