तांबडा कागद

रोज सकाळी प्रयोगशाळेची खिडकी उघडण्याआधी आवडाबाई एक काम करायच्या. मिश्रीची डबी बाहेरच्या कट्ट्यावर ठेवायची, पदर कमरेला घट्ट खोचायचा, आणि आदल्या दिवशी धुतलेल्या परीक्षानळीत स्वच्छ पाणी घेऊन त्यात तांबड्या लिटमसचा तुकडा बुडवायचा. तुकडा तांबडाच राहिला की त्या मान हलवायच्या आणि मग खिडकी उघडायच्या. समुद्रावरचा वारा आत येई, आणि स्टँडवर उलट्या टांगलेल्या नळ्या एकमेकींना हलकेच लागून किणकिणत.

या सवयीमागे १९३१ सालचा एक आठवडा आहे.

पोयनाडकडच्या भातशेतीच्या गावातून त्या अलिबागच्या या हायस्कुलात आल्या, तेव्हा त्यांना विधवा होऊन बरीच वर्षं झाली होती. भावाच्या घरी जेवायला मिळत होतं, पण चूल भावजयीची होती. शाळेनं नळ्या, चंबू धुण्याचं काम दिलं आणि त्याबरोबर विहिरीमागची एक खोली. त्या खोलीत त्यांनी स्वतःच्या हातानं चूल मांडली. मीठ किती घालायचं, हे आता कुणाला विचारावं लागत नव्हतं.

विज्ञान शिकवणारे रामचंद्र मास्तर कडक होते. पहिल्याच दिवशी त्यांनी बाईंना बजावलं होतं, ॲसिडच्या बाटलीला हात लावायचा नाही, कशाचा वास नाक खुपसून घ्यायचा नाही, इथं काही खायचं नाही. मुलांनाही तेच. शेंड्या टोपीत, उपरणी खुंटीवर, आणि मगच स्पिरिटचा दिवा पेटायचा. तापलेली काच आणि थंड काच दिसायला सारखीच, असं ते रोज सांगत. तरी आवडाबाईंनी एक गरम चंबू ओल्या फरशीवर ठेवलाच. तो तडकला, तेव्हा हेडमास्तर म्हणाले, "बाई, आणखी एकदा नुकसान झालं, तर मला दुसरी बघावी लागेल. खोलीही रिकामी करावी लागेल."

पुढच्याच आठवड्यात सहावीच्या वर्गात तीन बाटल्या ठेवल्या होत्या. एकीत लिंबाचं पाणी, एकीत सोड्याचं, एकीत साधं विहिरीचं. थोडं थोडं नळ्यांत ओतून, कशात काय आहे ते लिटमसनं ओळखायचं होतं. प्रमोदिनी ही वर्गातली एकुलती एक मुलगी. तिनं सांगितलं, "मास्तर, साध्या पाण्यातही कागद निळा होतोय."

"नीट बघ."

"नीटच बघितलंय."

भिकू मागून म्हणाला, "मास्तर, आपली विहीर समुद्राला लागून. ती तरी काय करणार?"

वर्ग हसला. मास्तरही जरासे हसले, पण त्यांनी विहिरीचं पाणी आपल्या पिण्याच्या तांब्यात घेऊन त्यात कागद बुडवला. तो तांबडाच राहिला. म्हणजे पाण्यात काही नव्हतं, दोष नळ्यांत होता. हेडमास्तर दारातच उभे होते. ते म्हणाले, "धुणारीला बोलवा. नाहीतर असं करा, तिचा हिशेब संपवूनच टाका."

"सोमवारपर्यंत थांबा," मास्तर म्हणाले. "सोमवारी हाच प्रयोग पुन्हा घेतो. तुम्ही समोर बसा."

दुपारी ते विहिरीवर गेले. आवडाबाई काथ्याच्या चोथ्यानं नळ्या घासत होत्या. नळ्या चकचकत होत्या.

"हे कशानं घासता?"

"कशानं म्हंजे? राखेनं. माझ्या चुलीचीच हाय, वस्त्रगाळ केलेली. बघा की, कशी भांडी निघतात!"

"आणि विसळता?"

त्यांनी बादलीकडे बोट दाखवलं. सगळ्या नळ्या त्या एकाच बादलीत बुडवून निघत होत्या, घरच्या वाट्यांसारख्या. मास्तरांनी बादलीत तांबडा कागद बुडवला. तो निळा झाला.

आवडाबाईंनी हातातला चोथा खाली ठेवला. "म्हंजे माझ्या राखेपायी पोरांचं चुकलं?"

"राखेत क्षार असतो. तो या पाण्यात उतरला आणि पाण्यातून नळ्यांना लागला."

"मंग मी जाऊ?" त्यांनी हात पदराला पुसले. नजर खोलीच्या दाराकडे गेली. "चूल आत्ताच कुठं सुकलीया, मास्तर."

"जाऊ नका, आधी धुवा. काय करू नये ते मी तुम्हाला शंभरदा सांगितलं. धुवायचं कशानं, ते सांगायचं राहिलं." त्यांनी कपाटातून नळ्यांचा, तारेच्या दांडीचा ब्रश आणून दिला. "राख नको. दर नळीला विहिरीचं ताजं पाणी. आणि हे घ्या." त्यांनी तांबड्या कागदाचे चार तुकडे त्यांच्या तळहातावर ठेवले. "हा तांबडा राहीपर्यंत."

रविवारी दिवसभर रहाट कुरकुरत होता. संध्याकाळी आवडाबाईंच्या बोटांची कातडी सुरकुतली होती आणि कट्ट्यावर तीन कागद निळे पडले होते. चौथा तांबडा होता.

सोमवारी हेडमास्तर पहिल्या बाकावर बसले. आवडाबाई दाराबाहेर, पदर खोचून. प्रमोदिनीनं साध्या पाण्यात कागद बुडवला, वर काढला, आणि मास्तरांना दाखवण्याआधी दाराकडे वळवून धरला. तांबडा.

"राहू द्या बाईंना," हेडमास्तर उठता उठता म्हणाले. "मात्र चंबू जपून, बाई."

"व्हय जी. फरशीवर न्हाय, लाकडावर."

त्यानंतर सात वर्षं त्या तिथं होत्या. चुलीची राख त्यांनी परसातल्या अळवाला घातली, आणि ते अळू मास्तरांच्या घरीही जाई. नव्या मुलामुलींना त्या दारातच अडवायच्या. "पदर खोच गं," "शेंडी आत घाल रे," आणि कुणी ऐकलं नाही तर, "मास्तर ऱ्हाऊ देत, मी हाय ना."

१९३८ च्या दिवाळीच्या सुट्टीत, आपल्याच खोलीत, एका दुपारी झोपेत त्या गेल्या. चुलीवर भात झाकून ठेवलेला होता. त्याआधी, सुट्टी लागायच्या दिवशी शेवटचा वर्ग सुरू होताना त्यांनी नेहमीसारखा तुकडा पाण्यातून काढला, उजेडाला धरला, आणि नळ्यांचा स्टँड मुलांपुढे सरकवला.

"तांबडाच हाय," त्या म्हणाल्या. "घ्या."