डाव्या कानातली झांज

चंडीगडच्या एका इस्पितळात यतीन लोकांचे कान तपासायचा. मूळचा मिरजेचा. काचेच्या बंद खोलीत माणूस बसवायचा, हेडफोन चढवायचे, बाहेरून बारीक सूर सोडायचे. ऐकू आला की माणसानं हातातलं बटण दाबायचं. बारा वर्षं हेच काम. आणि या शहाण्याला वेड कसलं, तर मेटल संगीताचं!

शहाण्णव साली सेक्टर सतराच्या एका दुकानातून त्यानं एक कॅसेट भरून आणली होती. अमेरिकेतल्या कुठल्याशा बँडचा पहिलाच अल्बम. शेजारी म्हणायचे, भांडी पडतायत. यतीनला मात्र त्यात रूपक ताल सापडला होता. गिटारवाले सात मात्रांत धावतात, मध्येच पाचांत उडी मारतात, आणि तरी समेवर सगळे बरोब्बर एकत्र! "गायक उगाच किंचाळतो, मान्य. पण पोरांनी पहिल्याच फटक्यात काय धाडस केलंय बघा!" तो कौतुकानं सांगायचा. त्याची सगळ्यात लाडकी जागा तिसऱ्या गाण्यात होती. सगळी वाद्यं थांबतात आणि डाव्या बाजूला एकटी झांज थरथरत राहते.

एका रविवारी ती झांज आलीच नाही.

त्यानं वॉकमनचं हेड स्पिरिटनं पुसलं, कॅसेट पुढेमागे फिरवली. शेवटी शेजारच्या स्वानंदला बोलावलं. तो सेक्टर एकोणचाळीसमधल्या संस्थेत संशोधन करायचा. स्वानंद ऐकून म्हणाला, "यार, वाजतेय की! एकदम साफ." यतीननं हेडफोन उलटे घातले. झांज उजव्या कानात लख्ख वाजली.

त्याला वडील आठवले. वडिलांचा डावा कान चाळिशीत असाच गेला होता, आधी बारीक आवाज, मग माणसांचे, मग उजवा कानही. दोन वर्षांत घरचे ओरडून बोलायला लागले, आणि वडिलांनी बोलणंच सोडलं. यतीन आता अडतीसचा.

तीन आठवडे त्यानं कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. दिवसभर दुसऱ्यांचे कान तपासायचा आणि ती खोली रिकामी झाली की तिच्याकडे पाठ करून बसायचा. इतकी भीती! पण हाताखालची लीना नागपूरची, तिच्या नजरेतून काय सुटतंय? तिनं ओळखलं की दादा हल्ली उजवा कान पुढे करून बोलतात. एके दुपारी तिनं दार उघडून धरलं. "दादा, बसा आत."

तो बसला. हेडफोन चढवले, बटण हातात घेतलं. उजवा कान छान निघाला. डाव्यात जाडे सूर आले, आणि मग काहीच येईना. आता या गृहस्थानं काय करावं? सुरांचा क्रम त्याला पाठ होता, लीनाला त्यानंच शिकवलेला. सूर किती वेळ, मध्ये थांबणं किती, सगळं बोटांत बसलेलं. तो मनात मात्रा मोजत गेला आणि वेळेवर बटण दाबत गेला. एकदाही चुकला नाही. काचेपलीकडे लीना मान खाली घालून लिहीत होती. यतीनला वाटलं, सुटलो.

दार उघडून ती आत आली. तिचे डोळे भरलेले होते. "दादा, त्या जाड्या सुरांनंतर मी डाव्या कानात सूर सोडलाच नाहीये."

यतीन हातातल्या बटणाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दार लाव, लीना. पुन्हा घे. आता ऐकू येईल तेव्हाच दाबेन."