बेंदराची रजा

दर तीन महिन्यांनी अहवालाचे कागद आले की माझं डोकं उठायचं. सत्तरच्या दशकात मी सांगलीच्या एका रिमांड होममध्ये परिविक्षा अधिकारी होते. नाव भारदस्त, काम साधं. चोरीमारीत सापडलेल्या मुलांच्या घरी जायचं, आईबापांशी बोलायचं आणि पोराला घरी पाठवावं की नाही ते बालन्यायालयाला सांगायचं. हे काम मला मनापासून आवडायचं. एसटीची धूळ खात कवठे महांकाळच्या पुढच्या गावांना जातानाही मी कधी कुरकुरले नाही. पण आमची संस्था चालायची सरकारी अनुदानावर आणि अनुदान यायचं अहवालावर, आणि तो अहवाल म्हणजे नाकापेक्षा मोती जड! तीन प्रती, मध्ये कार्बन, आणि एका रकान्याचं नावच 'वर्तनातील सुधारणा, टक्क्यांत'. पोर टक्क्यांत कसं सुधारतं, हे मला आजतागायत कोणी समजावून सांगितलेलं नाही.

आमचे अधीक्षक फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार होते, साताऱ्याकडचे. त्या रकान्यात काय लिहू, असं विचारलं की म्हणायचे, "लिवा पन्नास. कमरंपतूर सुधारलाय. वरचा दिवाळीपतूर सुधारंल." मी पन्नास लिहायचे आणि वरच्यांना ते चालायचं. एकदा चिडून साडेसत्तावन्न लिहिले, तर तेही चालले.

एका वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर पोलिसांनी बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा आणून सोडला. गुन्हा, बैलाची चोरी. मी त्याच्या गावी जाऊन आले. गाव कवठे महांकाळच्या पलीकडं, कर्नाटकाच्या सीमेच्या बाजूला. बाप वारला, नांगर धरणारं घरात कोणी उरलं नाही, म्हणून आईनं बैल विकला होता. घेणारा शेतकरी कृष्णाकाठचा, उसाचा मळा असलेला. पोरगं चालत चालत त्याच्या गोठ्यात गेलं, बैल सोडला आणि घराकडं निघालं. वाटेत मिरजेजवळ सापडलं.

"मी न्हाई चोरला, बाई," तो मला म्हणाला. "मी निस्तं दावं सोडलं. त्योच माज्या मागनं आला."

मी हे फायलीत जसंच्या तसं उतरवलं. पोराला आईकडं पाठवावं, हे माझं मत पक्कं होतं. न्यायालयाची तारीख जवळ आली होती, आणि माझा कागद तयार होता.

तेवढ्यात आषाढातला बेंदूर आला. बेंदराला आमच्याकडं बैलांना न्हाऊ घालतात, शिंगं रंगवतात, वाजत गाजत मिरवतात. पोरगं सुभेदारांपुढं जाऊन उभं राहिलं आणि म्हणालं, "बेंदराला जाऊन येतू. सांच्याला माघारी येतू." सुभेदार विरघळले. एका चिठ्ठीवर 'एक दिवस रजा' असं लिहून त्यांनी खाली झोकात सही केली. पोर चिठ्ठी घेऊन फाटकाबाहेर पडलं. मला हे कळलं ते दुपारी, कोर्टातून परत आल्यावर.

"अहो सुभेदार, रजा? आपल्याकडं रजा असते का कुठं? न्यायालयाच्या हुकमाशिवाय मूल बाहेर सोडता येत नाही!"

"फौजेत जवानाला सणाला रजा मिळती," ते शांतपणे म्हणाले. "ह्यो काय कमी हाय? शबुद दिलाय त्यानं."

"आणि गेला कुठं?"

"गावाकडं. आईकडं."

मी कपाळाला हात लावला. त्याच्या गावचा बेंदूर होऊन महिना झाला होता. सीमेकडच्या त्या गावांत कर्नाटकी बेंदूर करतात, तो ज्येष्ठात येतो. सुभेदारांच्या गावी बेंदूर एकच, आषाढातला. दुसरा असू शकतो, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. पोर काही खोटं बोललं नव्हतं. कुठल्या गावच्या बेंदराला, ते त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं. त्याच दिवशी संध्याकाळी, ज्यांच्याकडं आमचे अहवाल जायचे ते साताऱ्याचे साहेब तपासणीला आले. बेंदूर आमचा, सरकारचा थोडाच? मुलांना ओळीनं उभं केलं. एक कमी भरला. साहेबांनी विचारायच्या आत सुभेदारांनी टाचा जुळवल्या.

"एक जवान रजेवर, साहेब!"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीकडं पाहिलं. साहेबांनी पेन काढलं आणि लिहिलं, 'पलायन : एक.'

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी सायकलची घंटी वाजली. पोरगं कॅरिअरवर बसलेलं, हात कोपरापर्यंत लाल. सायकल चालवत होता तो शेतकरी, ज्यानं त्याच्यावर चोरीची तक्रार केली होती तोच.

"आवं बाई, काय सांगू," तो म्हणाला. "गोठ्यात गेलो तर ह्यो बैलाची शिंगं रंगवत बसल्याला. मी काठीच उचलली व्हती. पर बैल बघा, माज्याकडं आल्यापास्नं मान टाकून व्हता, त्यो ह्याचं हात चाटाय लागल्याला. मग म्हणलं, मिरवणुकीत तूच धर कासरा. जेवाय लय उशीर झाला, म्हणून ठिवून घेतला. माजी काय तक्रार न्हाई आता. सही कुठं करू सांगा."

मला इतका आनंद झाला की मी त्याला दोनदा चहा पाजला. ज्याचा बैल गेला तोच पोराची बाजू घेतोय, यापेक्षा मोठी सुधारणा कुठल्या टक्क्यांत मांडणार? त्याचं म्हणणं लिहून, सही घेऊन मी साताऱ्याची एसटी पकडली.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी सगळं वाचलं, मग अहवालाचा कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. दाखल, मुक्त, बदली, पलायन, मृत.

"यातला कोणता रकाना देऊ, बाई?"

"तो रजेवर होता आणि परत आला."

"रजेचा रकाना नाही."

"मग खाली टीप लिहा!"

"बेरीज करताना टीप धरत नाहीत हो." त्यांनी चष्मा काढला. "पलायन दाखवलं तर तुमच्या अनुदानाला कात्री लागेल. त्यापेक्षा त्याला बालगुन्हेगारांच्या लांबच्या मान्यताप्राप्त शाळेत पाठवा. तपासणीत कमी भरलेला तो एक बदलीत जाईल, पलायन राहणार नाही."

मी भांडले. आवाज इतका चढला की बाहेरचा शिपाई दारातून डोकावून गेला. परतल्यावर संस्थेच्या समितीपुढं पुन्हा भांडले. समितीचं म्हणणं एकच, एका पोरापायी बाकीच्या पोरांच्या ताटातली भाकरी काढायची का? अनुदानातून खरोखरच भाकरीच होत होती. न्यायालयापुढं माझं मत गेलं, त्याच्यावर समितीचं मत गेलं, आणि पोराला आईऐवजी चार जिल्हे ओलांडून पलीकडच्या शाळेत पाठवायचा हुकूम झाला. त्या रागाचा निखारा माझ्या पोटात अजून आहे.

निघताना पोरगं रडलं नाही. फक्त म्हणालं, "बाई, सुभेदारांनी रजा दिली व्हती नव्हं?"

सुभेदार तेव्हा आत मुलांची कवायत घेत होते, नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात. त्यानंतर त्यांनी कोणाला चिठ्ठी दिली नाही. त्या तिमाहीच्या अहवालात 'पलायन : निरंक' असं गेलं आणि वरून समाधान व्यक्त करणारं पत्र आलं.

पुढच्या आषाढात, बेंदराच्या सकाळी, फाटकाशी घुंगरं वाजली. मी बाहेर आले. तो शेतकरी बैल घेऊन उभा होता. बैल धुतलेला, पाठीवर झूल, गळ्यात माळ, पण शिंगं कोरी.

"रंगवली न्हाईत अजून," तो म्हणाला. "म्हणलं, पोराच्या हातनं हू द्या. कुठाय?"

सुभेदार माझ्या मागं येऊन उभे राहिले होते. "बदली झाली त्याची," ते म्हणाले.

शेतकऱ्याचा थोरला मुलगा फौजेत होता, बदली त्याला ठाऊक होती. त्यानं मान डोलावली. "व्हय? मग रजंवर कवा येतंय?"

सुभेदारांनी माझ्याकडं पाहिलं. त्या शाळेत रजा नसते, असं मी सांगितलं.

"आवं, लढाईवरच्या माणसाला बी असती की," तो म्हणाला. मग लाल रंगाची पुडी त्यानं माझ्या हातात ठेवली, पोराला धाडा म्हणून, आणि कोऱ्या शिंगांचा बैल घेऊन आल्या वाटेनं परत गेला.